आजीची 9 लुगडी, 5 गोधड्या आणि एक दुपटं : सासवडकडच्या बायकांकडून शिवून घेतल्या, त्याचा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं, आज निवांत बसलेय म्हणून सगळंच लिहिते, थोडं लांबेल. आमची आजी गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत 9 लुगडी निघाली, 6 इरकली आणि 3 साधी सुती, शिवाय तळाशी आजोबांची 2 धोतरं घडी करून ठेवलेली. घरात नेहमीचंच बोलणं झालं, कोण म्हणे बोहारणीला देऊन टाका दोन पातेली येतील, कोण म्हणे आश्रमात द्या. पण आता नऊवारी नेसणारं आमच्यात कुणी उरलं नाही आणि ती लुगडी इतकी मऊ झालेली की हातात घेतली तरी सोडवेना. मग मीच म्हटलं की मला द्या, मी गोधड्या करून आणते. चार माझी चुलत-आते भावंडं त्यांना चार, आणि पाचवी ज्या मावशींनी शेवटची चार वर्षं आजीचं सगळं केलं त्यांना. धोतरांचं दुपटं, कारण आतेबहिणीला तेव्हा सातवा महिना होता. मला स्वतःला नको होती, माझ्याकडे आजीच्या हातची एक आहेच.

आता कुणाकडून शिवायची हा प्रश्न. इथे आधी एक वाईट अनुभव सांगते म्हणजे बाकीचं कळेल. दोन वर्षांपूर्वी आईच्या दोन साड्या मी एका ऑनलाइनवाल्यांना पाठवल्या होत्या, आठवणींची गोधडी वगैरे छान फोटो होते त्यांचे. महिन्याने पार्सल आलं, वरून सुंदर, चौकोन चौकोन जोडलेले, पण हातात घेतल्यावर ती गादीसारखी फुगलेली. आत पॉलिस्टरचा भराव, मागे नवं कोरं कापड आणि आईच्या साडीचे जेमतेम सहा-सहा इंचाचे तुकडे, तेही फक्त वर. उरलेली साडी कुठे गेली विचारलं तर कटिंगमध्ये गेली म्हणाले. पहिल्याच धुण्यात आतला भराव एका कोपऱ्यात गोळा झाला. पैसे गेल्याचं एवढं नाही, पण ती साडी परत येणार नव्हती ना. म्हणून या वेळी ठरवलं की जी शिवणार तिचे हात बघितल्याशिवाय कापड सोडायचं नाही.

ऑफिसमधल्या एकीने सासवडच्या पुढच्या एका गावातल्या बायकांबद्दल सांगितलं. सासू, सून आणि शेजारची एक अशा तिघी मिळून शिवतात. दुकान नाही, बोर्ड नाही. दिवे घाट चढून सासवड, तिथून पुढे थोडं आत, रविवारी सकाळी नवऱ्याला घेऊन गेले. सासूबाईंना सगळे आक्का म्हणतात, मीपण आक्काच म्हणायला लागले. त्यांच्याकडे याला गोधडी पण म्हणतात आणि वाकळ पण.

आक्कांनी आधी काय केलं तर चहा ठेवायला सांगितला आणि एकेक लुगडं ओसरीवर उलगडून उन्हाच्या बाजूला धरलं. उजेड आरपार येतो तिथे कापड विरलंय. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकंसं ओढून बघायच्या, जिथे कुरकुरलं तिथे खडूने खूण. जवळजवळ दीड तास हे चाललं. मी सोबत आईची एक जॉर्जेटची साडी नेली होती, म्हटलं हीपण कशात तरी घाला, तर त्यांनी ती बाजूलाच ठेवली. "ताई, ही आत नगा घालू. थंडीत गार लागती आन् उन्हाळ्यात अंगाला चिकटती. गोधडीला सुतीच पायजे." मी म्हटलं वरती लावा मग, तर म्हणाल्या, "वर लावलं तर सुई सरकती, टाका बसत न्हाई. ही तुम्ही नेसा." पैसे मिळत होते तरी नाही म्हणाल्या, मला तिथेच विश्वास बसला.

मग हिशोब, आणि हा हिशोब ज्यांना ज्यांना गोधडी करायचीय त्यांनी नीट वाचा, कारण किती साड्या लागतील हे कुणी सांगतच नाही. नऊवारी म्हणजे 9 वार, म्हणजे 27 फूट लांब. पन्हा साधारण 45 इंच, म्हणजे पावणेचार फूट. साडेचार फुटाचे 6 तुकडे पडतात, दोन दोन तुकडे शेजारी जोडले की साडेचार बाय साडेसात फुटाचा एक थर, असे एका नऊवारीत 3 थर निघतात. एकट्या माणसाला पांघरायला ती साइज बरोब्बर आहे. साधी पाचवारी साडी 18 फुटाच्या आसपास असते तिच्यात 2 थर. डबलची, म्हणजे साडेसात बाय नऊ फूट, हवी असेल तर पाचवारी साडी मधोमध कापून जोडायची, म्हणजे एका साडीचा एकच थर. पुण्याच्या थंडीला 5 थर पुरतात, म्हणजे सिंगलला दोन नऊवारी किंवा तीन पाचवारी धरून चाला. माझ्या 9 लुगड्यांचे कागदावर 27 थर होत होते आणि 5 गोधड्यांना लागणार 25, पण विरलेला भाग, विशेषतः बसायच्या जागचा, काढल्यावर 23च भरले. उरलेले दोन धोतरातून काढले आणि दुपट्यापुरतं धोतर तरीही राहिलं. सगळं सुनेने वहीत लिहून घेतलं, कुठल्या लुगड्याचा कुठला तुकडा कुठल्या गोधडीत, आणि पानाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर.

इरकलीचा पदर रेशमी असतो आणि अंग सुती, त्यामुळे पदर आतल्या थरात घातले नाहीत, प्रत्येक गोधडीच्या वरच्या बाजूला मधोमध एकेक पदर बसवला. लाल पदर, भोवती आजीच्या लुगड्याचा गर्द हिरवा किंवा चिंतामणी रंग. डिझाइन म्हणाल तर एवढंच. मी मोबाइलवर एकदोन फोटो दाखवले होते, षटकोनी तुकडे आणि फुलं वगैरे, आक्का स्पष्ट म्हणाल्या की ते आम्हाला येत नाही, जे येतं ते चांगलं करून देऊ. ज्यांना नक्षी हवी त्यांनी इथे जाऊ नका.

शिवताना बघायला म्हणून मी मध्ये एकदा मुद्दाम सुट्टी काढून गेले. ओसरी झाडून पुसून कोरडी केलेली, त्यावर पाच थर एकावर एक, आणि प्रत्येक थर टाकल्यावर आक्का तळहाताने मधून कडेकडे हात फिरवत जातात, एक सुरकुती राहू देत नाहीत. चार कोपऱ्यांवर वजन, एका कोपऱ्यावर तर चक्क वरवंटा. मग लांब लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे आणि मग खरं काम, धावदोरा. कडेपासून सुरू करायचं आणि गोल गोल नाही, चौकोनात, कडेला समांतर आत आत येत जायचं, शेवटी मधोमध संपतं. दोघी समोरासमोरच्या कडेला बसतात, आणि जसं शिवून होतं तसं शिवलेल्या भागावरच सरकत पुढे येतात. सुईवर चार-पाच टाके गोळा करायचे, अंगठ्याने ढकलायचे आणि मग दोरा ओढायचा, ओढताना सर्र असा आवाज येतो, पाच थरांतून दोरा जातानाचा. गाठ कुठेही दिसत नाही, ती दोन थरांच्या मध्ये ओढून घेतात. आक्कांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक बघितलं मी, घट्टा पडून पिवळं कडक झालंय. अंगुस्तान वापरत नाहीत, म्हणाल्या त्यानं सुई कळत नाही.

मी घरी आल्यावर हिशोब केला. दोन ओळींत करंगळीएवढं, म्हणजे दीड सेंटीमीटरच्या आसपास अंतर. साडेचार बाय साडेसातच्या गोधडीत त्या सगळ्या ओळी सरळ केल्या तर 200 मीटरच्या वर टाका होतो. इंचाला तीन टाके धरले तरी एका गोधडीत 20 हजारांच्या वर टाके. दुपारची कामं उरकल्यावर दोघी रोज तीन-साडेतीन तास बसतात आणि चार दुपारी लागतात, म्हणजे मिळून 24-28 तास. आणि त्यांनी मला सांगितलेला भाव सिंगलला 1800 रुपये, कापड आपलं, दोरा त्यांचा. दोरा आणि मगजीचं, म्हणजे कडेच्या पट्टीचं, कापड वजा केलं तर तासाला साधारण 60 रुपये हातात पडतात. मला हे कळल्यावर झोप लागली नाही खरंच. मी प्रत्येक गोधडीचे 2500 दिले, घ्यायला तयार नव्हत्या, सुनेच्या हातात दिले आणि वहीत लिहायला लावले. इथे काही जणी भाव करतात, बाजारात 700 ला गोधडी मिळते म्हणतात. मिळते हो, पण ती मशीनची असते.

मशीनची आणि हातची कशी ओळखायची ते सांगते. हाताच्या धावदोऱ्यात टाका-रिकामी जागा-टाका-रिकामी जागा असं दिसतं, दोन्ही बाजूंनी सारखंच. मशीनच्या टिपेत दोरा सलग जातो, मध्ये जागा सुटत नाही, आणि ओळ अगदी पट्टीने मारल्यासारखी. हातात घेऊन बघा, मशीनची गोधडी जरा ताठ राहते कारण टीप थरांना आवळून धरते. हातची अंगावर पडली की अंगाचा आकार घेते, थरांच्या मध्ये थोडी हवा राहते आणि ऊब त्या हवेचीच असते. आमच्याकडे अजून एक बघितलंय, हातच्या गोधडीतला एखादा दोरा तुटला तर तेवढेच चार-सहा टाके निघतात आणि पुन्हा घालता येतात.

आपल्याकडेच हे आहे असं नाही हं, कर्नाटकात कौदी, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, सगळीकडे जुन्या कापडाचे थर आणि धावदोरा हेच. कर्नाटकातल्याच यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी शिवतात आणि चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची छोटी फुलं लावतात, ती लावल्याशिवाय त्यांच्या लेखी कवंदी पूर्ण होत नाही. मी हे आक्कांना सांगितलं तर त्यांना इतकं आवडलं की दुपट्याच्या कोपऱ्यांना त्यांनी स्वतःहून लुगड्याच्या काठाचे चार त्रिकोण लावून दिले.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या.

पहिली, वेळ. सहा आठवडे सांगितले होते, दहा लागले. मध्ये वाटाण्याची तोडणी आली आणि तिघीही शेतात, तेव्हा शिवण बंद. त्यांनी ते कळवायला हवं होतं, मी तीन फोन केल्यावर सुनेने सांगितलं. मला भाऊबीजेला द्यायच्या होत्या, चार वेळेत मिळाल्या, पाचवी नंतर. दुसरी, एका गोधडीचा एक कोपरा काटकोनात नाही, घडी घातली की दोनेक इंच बाहेर येतो. भावाला काही फरक पडत नाही, पण मला दिसतो. आणि तिसरी, जी खरी चूक, दुपट्याला कडेने मगजी लावली ती नव्या लाल कापडाची, आणि ते कापड आधी धुतलं नव्हतं. पहिल्याच पाण्यात लाल रंग उतरून पांढऱ्या धोतरावर गुलाबी पट्टे. बाळाला वापरायचं म्हणून मी आधीच धुवून बघितलं ते बरं झालं. फोटो पाठवला, आक्कांचा पंधरा मिनिटांत फोन, एक शब्द वाद नाही, घेऊन या म्हणाल्या. मगजी उसवली, दुपटं सोड्यात भिजवून दोन दिवस उन्हात घातलं, बरेचसे डाग गेले, फिकट एक-दोन राहिलेत. नवी मगजी धोतराच्याच काठाची लावली, पैसे घेतले नाहीत आणि वर मुगाच्या शेंगा दिल्या पिशवीभर. बाळाच्या कापडाला नवा रंगीत कपडा लावायचाच नाही हे तेव्हापासून त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, मी बघितलं.

दिल्यावर काय झालं तेही सांगते, कारण गोधडी भेट द्यायची म्हटलं की लोकांना वाटतं जुन्या कपड्याची वस्तू कशी द्यायची. मोठा भाऊ, तो कधी काही बोलत नाही, त्याने घडी उघडली, पदरावर हात फिरवला आणि नाकाला लावली. धुतलेली होती, तरी म्हणाला आजीच्या ट्रंकेचा वास येतोय. धाकटा स्टुटगार्टला असतो, त्याची मित्राच्या बॅगेतून पाठवली, वजन सव्वा किलोच्या आसपास भरलं, हवा काढायच्या पिशवीत घातली की लॅपटॉपएवढी जागा लागते. तिकडे हीटर असतो तरी रोज तीच घेतो, व्हिडीओ कॉलला मागे खुर्चीवर दिसते. चुलतबहिणीने मात्र कपाटात ठेवलीय, म्हणते वापरली तर खराब होईल. मी तिच्या मागे लागलेय की बाई वापर, गोधडी ठेवून ठेवून घडीवर विरते.

मावशींना द्यायला मी त्यांच्या घरी गेले, पर्वती पायथ्याला. त्यांच्या गोधडीला मी मुद्दाम ते हिरवं सुती लुगडं घालायला सांगितलं होतं जे आजी शेवटी शेवटी नेसायची. त्याच्यावर एका जागी जळल्याचं भोक होतं, वाटाण्याएवढं, आक्कांनी ते कापून न टाकता त्यामागे पिवळ्या कापडाचं ठिगळ देऊन वरून बारीक टाके घातले होते. मावशींनी गोधडी मांडीवर घेतली आणि बोट बरोब्बर त्या ठिगळावर गेलं. म्हणाल्या, "ही नागपंचमीची उदबत्ती. मीच म्हनलं होतं, आई, पदर सावरा, तर म्हन्ल्या मला शिकवती का." मग बराच वेळ दोघी काही बोललो नाही. मला त्या उदबत्तीचं काहीच माहीत नव्हतं.

धुण्याबद्दल विचारलं जातंय म्हणून : पहिल्यांदा गार पाण्यात मूठभर मीठ घालून वेगळी धुवा, दुसरं काही त्यात टाकू नका. नंतर मशीनला चालते, हलक्या सायकलवर, मी 7 किलोच्या फ्रंट लोडमध्ये एकटी सिंगल टाकते. वाळत घालताना एका दोरीवर मधोमध लटकवू नका, ओली गोधडी जड होते आणि टाके ओढले जातात, दोन दोऱ्यांवर पसरून टाका, किंवा गच्चीत चटईवर. ड्रायक्लीनला देऊ नका. ठेवायची असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला.

कोणी जाणार असाल तर कापड धुवून, खळ काढून, इस्त्री न करता न्या. ब्लाउजपीस, फॉल काढून न्या, फॉल बहुतेक पॉलिस्टरचे असतात. सगळ्यात महत्त्वाचं, कुठली साडी कापायची नाही हे घरूनच ठरवून जा, कारण तिथे ओसरीवर बसल्यावर मन दहा वेळा बदलतं, माझं एक इरकल मी दोनदा परत पिशवीत घातलं होतं आणि आक्का गप्प बसून राहिल्या, त्यांनी घाई केली नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा उशीर झाला आणि कळवलं नाही त्याचा. रंगाचा कापत नाही, तो त्यांनी निस्तरला.

नाव-नंबर इथे टाकत नाही, त्यांनीच सांगितलंय की महिन्याला पाच-सहाच्या वर होत नाहीत आणि लोकांना नाही म्हणायला जड जातं. ज्यांना खरंच करायचीय त्यांनी मला मेसेज करा, मी आधी आक्कांना विचारून मग देईन. लग्नसराईत द्यायची असेल तर दिवाळीतच कापड नेऊन द्या. उन्हाळा त्यांचा मुख्य सीझन, शेतात काम कमी आणि पावसाच्या आत घरोघरच्या गोधड्या शिवायच्या असतात, त्यामुळे तेव्हा गावातल्या बायका आधी, आपण नंतर. माझ्या आईच्या तीन सुती साड्या आत्ता त्यांच्याकडेच आहेत, नंबर पाडव्यानंतर लागेल. परत येताना सासवडला अंजीर मिळाले तर नक्की घ्या.